यंत्राला माती मानवेना

वालूरच्या जमिनीत सोनं आहे हे कळायला यंत्र लागत नाही. गावातल्या प्रत्येकाच्या पणज्याने कुठे ना कुठे हंडा पुरून ठेवलेला आहे, आणि जागा सांगायला तोंड उघडणार तेवढ्यात प्रत्येकाचा पणजा गेलेला आहे. आमच्या घराण्यात तर ही ऐन वेळी जाण्याची पद्धत पिढ्यान्‌पिढ्या पाळली गेली. त्यामुळे आमच्या रानात मेटल डिटेक्टर आला तेव्हा गावाला त्या यंत्राचं नवल वाटलं नाही. इतकी वर्षं आम्ही कशाची वाट बघत होतो, याचं वाटलं.

यंत्र आणलं जावयाने. म्हणजे काकांच्या जावयाने. तो इंग्लंडात असतो. तिकडे माणसं सुट्टीच्या दिवशी कानाला हेडफोन लावून, मालकाला विचारून दुसऱ्याच्या शेतात हिंडतात आणि रोमन नाणी हुडकतात. ही थट्टा नाही. 2009 साली स्टॅफर्डशरमध्ये अशाच एका हौशी गड्याला नांगरलेल्या रानात सोन्याचा साठा लागला. त्याची किंमत ठरली 32 लाख 85 हजार पौंड, आणि ती शोधणाऱ्याने आणि शेतमालकाने निम्मी निम्मी वाटून घेतली. काकांनी ही गोष्ट ऐकली आणि पौंडाचे रुपये करता करता त्यांचा चहा निवून गेला.

आमच्याकडे मात्र शोधायचं होतं ते काकूचं डोरलं. कापूस वेचताना दोरा तुटला आणि ते पऱ्हाट्यांत कुठंतरी पडलं. सोनं तोळ्याला लाखाच्या पुढे गेलेलं. काका म्हणाले, "नवं करण्यापरीस जुनं हुडकू." काकू काहीच बोलली नाही. ते न बोलणं आम्ही दुःखाच्या खात्यात जमा केलं.

पऱ्हाट्या उपटून झाल्यावर जावई रानात उतरला. पांढरे बूट, काळा चष्मा, हातात ती लांब दांडी आणि तिच्या टोकाला गोल ताटली. त्याने बटण दाबलं, ताटली जमिनीजवळ नेली, आणि यंत्राने अशी बोंब ठोकली की बांधापलीकडच्या बैलांनी रवंथ थांबवला. ताटली वर घेतली की गप्प. खाली नेली की बोंब. डावीकडे बोंब, उजवीकडे बोंब. काका पळत जाऊन फावडं घेऊन आले.

"सगळं रानच सोन्याचं हाय की काय?"

"तिकडे असं करत नाही हो हे," जावई घाम पुसत म्हणाला. परदेशातून आलेल्या पाहुण्याचं दुसऱ्याच दिवशी पोट बिघडतं, तेव्हा तोही अगदी याच सुरात हेच म्हणतो.

खोट यंत्रात नव्हती. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हाचे थरावर थर पसरले. त्याचा काळा पत्थर झाला आणि त्या पत्थराची झिजून ही काळी माती झाली. या पत्थरात लोहाची चुंबकी खनिजं भरलेली आहेत. लहानपणी आम्ही फुटक्या स्पीकरमधलं लोहचुंबक दोरीला बांधून ओढ्याच्या वाळूतून ओढत न्यायचो आणि वर काढलं की त्याला काळ्या मिशा फुटलेल्या असायच्या. त्या मिशा म्हणजेच हे खनिज. तेव्हा यंत्र "लोखंड, लोखंड" असं ओरडत होतं त्यात काही खोटं नव्हतं. लोखंड होतंच. फक्त ते मराठवाडाभर होतं.

तर अशा यंत्राला आधी माती ओळखून द्यावी लागते. बाबा रे, ही जमीन. हिचं बोलणं कानाआड कर, हिच्या पोटात वेगळं काही असलं तरच सांग. याला ग्राउंड बॅलन्स म्हणतात. ताटलीतून चुंबकी लहरी जमिनीत जातात, त्यांना माती उत्तर देते आणि सोनंही देतं, पण सोन्याचं उत्तर किंचित मागून येतं. मातीच्या उत्तराची वेळ एकदा यंत्राला बांधून दिली की तेवढं ते वगळतं. ही वेळ माणसाने खुंटी पिळून बांधून द्यायची, की यंत्राने आपली आपण बांधून घ्यायची, एवढाच काय तो प्रश्न. जगात या प्रश्नावर किती संसार मोडले मला ठाऊक नाही. आमच्यात बाप-लेकाचं बोलणं बंद झालं.

जावयाची सुट्टी संपली. सामानात काळा मसाला आणि शेंगदाण्याच्या चटणीचं वजन इतकं झालं की यंत्र मागे राहिलं. जावयाची वस्तू, त्यामुळे तिला नाव ठेवायची सोय नव्हती. पुढे जे जे बिघडलं त्याचा दोष ज्याच्या हातात यंत्र असेल त्याच्यावर टाकायचा, असा घरात अलिखित ठराव झाला.

पहिला मान दाजींनी घेतला. दाजी म्हणजे माझ्या बहिणीचे मालक. हाताने खुंटी पिळण्याचे ते कट्टर पुरस्कर्ते. त्यांचं सगळं तारुण्य रेडिओचा काटा फिरवण्यात गेलं. आकाशवाणी परभणी स्वच्छ लागलं की दाजी ते आणखी स्वच्छ करायला जात आणि त्यात बातम्या निघून जात. त्या घरात पूर्ण बातमीपत्र कोणी ऐकलेलं नाही. सगळ्यांना फक्त मथळे माहीत. तोच हात आता यंत्राच्या खुंटीवर आला.

हाताची रीत ऐकायला सोपी आहे. ताटली गुडघ्याएवढी उचलायची, सावकाश जमिनीच्या चार बोटं वरपर्यंत आणायची, कान द्यायचा. खाली येताना आवाज चढला तर खुंटी एका अंगाला, वर जाताना चढला तर दुसऱ्या अंगाला. दोन्ही वेळा आवाज सारखा राहिला की जमीन जुळली. दाजी सकाळी सुरू करायचे. उठबस, उठबस, उठबस. लांबून बघणाऱ्याला वाटावं, कोणी वयस्कर गृहस्थ जमिनीला इस्त्री करतायत आणि ती काही केल्या बसत नाही. दुपार झाली की जुळायचं. मग ते यंत्र खांद्यावर टाकून न्याहारीला घरी येत, परत जात, आणि दुसऱ्या सरीत पाऊल ठेवलं की म्हणत, "माती बदलली."

माती बदलते, यात त्यांची चूक नाही. चुनखडीची पट्टी लागली की वेगळं, मुरूम वर आलेला असला की वेगळं. मध्येच अवकाळीचा एक सडाका पडून गेला आणि भिजलेल्या रानाने सगळा हिशोब पुसून टाकला. दाजींना मनातून आनंदच झाला. पुन्हा पहिल्यापासून.

"दाजी, शोधायचं कधी?" मी विचारलं.

"पाया पक्का झाल्याबगर भिंत चढवत्यात का?"

यावर मी काय बोलणार? माझ्या हातात खुरपं, पाण्याची बाटली आणि त्यांची छत्री होती. या मोहिमेत माझा हुद्दा तोच होता.

त्यातला खरा पेच मला नंतर कळला. खुंटी जुळवायची तर खाली धातू नसलेली जागा लागते. खाली धातू नाही हे कळायला यंत्र जुळलेलं लागतं. हा पेच मी दाजींना सांगितला तेव्हा ते बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "तुमच्या घरात सगळे असंच बोलतेत का?"

भाचा संभाजीनगरला इंजिनीअरिंग करतो. तो यंत्राच्या बाजूचा. त्याच्या मते आपण जमिनीशी बोलायचंच नाही, यंत्र बोलेल. बटण दाबून धरायचं, ताटली वरखाली करायची, यंत्र स्वतः शिकतं. "पप्पा, आत अल्गोरिदम आहे." दाजी म्हणाले, "असंल. पर ते वालूरला आधी कधी आलतं का?"

भाच्याने बटण दाबलं, ताटली हलवली, आणि काय आश्चर्य, यंत्र गप्प झालं. एकदम शांत. सगळं रान फिरलो तरी कुठे कुईं नाही की चुईं नाही. भाचा छाती काढून चालत होता. दाजींचा चेहरा पडला. शेवटी काकांनी फावडं मुद्दाम ताटलीपुढे टाकलं, तर यंत्र त्यावरही धड बोलेना. चौकशीअंती निघालं असं की भाच्याने बटण दाबलं ते नेमकं जुन्या मोटारीच्या गाडलेल्या पाइपावर. यंत्र शिकलं, मन लावून शिकलं, की वालूरची जमीन ही अशीच, पाइपासारखी असते. त्या शिकवणीवर ते मग दिवसभर इमानाने चाललं.

हे निस्तरलं, तर भाच्याने त्याच्याही पुढची कळ काढली. यात यंत्र चालता चालता सतत जमिनीशी जुळवून घेत राहतं. बटणही दाबायला नको. या प्रकारात एक मोठा गुण आहे आणि तोच त्याचा अवगुण आहे. त्याला कशाचीही सवय होते.

झालं असं. उगवतीच्या अंगाला, लिंबाच्या सावलीत, यंत्र एकदा वाजलं. बारीक, पण गोड. भाच्याने हाक मारली. काका आले, दाजी आले. "परत वाजव," काका म्हणाले. भाच्याने ताटली त्याच जागेवरून फिरवली. वाजलं. शेजारच्या रानातले दोघं आले. "आम्हाला बी ऐकू द्या की." फिरवली. थोडं कमी वाजलं. रस्त्याने जाणारा दूधवाला मोटारसायकल लावून आला, त्याच्यासाठी फिरवली. मग काकूला घरून आणलं. काकू पदर सावरत पोचली तेव्हा बांधावर चांगली गर्दी होती. भाच्याने सगळ्यांना गप्प बसायची खूण केली आणि ताटली त्या जागेवरून फिरवली, आणि यंत्र गप्प. पुन्हा फिरवली. गप्प. इतक्या वेळा तेच ते ऐकून यंत्राने ते जे काही होतं त्याला जमीनच मानून टाकलं होतं.

"मला तर कायबी ऐकू आलं नाही," काकू म्हणाली. मला तिच्या आवाजात हायसं वाटल्याचा भास झाला, पण तेव्हा मी त्याकडे लक्ष दिलं नाही.

खणलं अर्थातच. निघालं काय, तर फवारणीच्या औषधाच्या बाटलीचं चंदेरी सील. इथे यंत्राची बाजू घ्यायला हवी. बारीक सोनं आणि ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा यांचं उत्तर यंत्राला जवळपास एकसारखंच ऐकू येतं. कापसाच्या रानात बोंडअळीने जितक्या बाटल्या उघडायला लावल्या तितकी ही सीलं मातीत आहेत. त्या न्यायाने आमचं रान इंग्लंडातल्या कुठल्याही रानापेक्षा श्रीमंत निघालं.

संध्याकाळी बायकोने विचारलं, "तुम्ही कोणत्या बाजूचे? दाजींच्या का भाच्याच्या?"

मी म्हणालो, "तिसरा एक प्रकार असतो. स्वस्त यंत्रात कारखान्यातूनच बसवून देतात. मग त्याला काही फिरवता येत नाही, काही शिकवताही येत नाही."

"ते मला लग्नानंतर लगेच कळलं होतं," ती म्हणाली आणि भाकरी थापायला लागली.

पुढच्या टप्प्यात यंत्र दर सेकंदाला एकदा बारीक ठोका द्यायला लागलं. टिक. टिक. टिक. दाजींनी खुंटी पिळली, ठोका तसाच. भाच्याने सगळी बटणं दाबली, ठोका तसाच. ताटली आभाळाकडे केली तरी टिक. काकांना भलताच संशय यायला लागला आणि ते हळूच म्हणाले, "आज्याचा तर काही निरोप नसंल?" तो निरोप शेजाऱ्याच्या झटका मशीनचा निघाला. रानडुकरं आणि रोही येऊ नयेत म्हणून कुंपणाच्या तारेत सोडलेला झटका सेकंदाला एकदा येतो आणि तो आमचं यंत्र हवेतून झेलत होतं. शेजाऱ्याला म्हटलं, जरा वेळ बंद ठेवता का? तो म्हणाला, "ठेवतो. पर डुकरं आली तर तुमच्या यंत्रानं हाकला."

आता पाणाडे आले नसते तरच नवल. आमच्या भागात बोअर घ्यायची म्हटलं की तळहातावर नारळ आडवा ठेवून रानभर फिरणारे हे गृहस्थ लागतात. नारळ उभा राहिला की खाली पाणी. त्यांनी बांधावर बसून दोन्ही पक्षांचं काम शांतपणे पाहिलं. यंत्राकडे तुच्छतेने आणि दाजींकडे थोड्या आपुलकीने. हाताने जुळवणारा माणूस म्हणजे अखेर त्यांच्याच जातकुळीचा.

"चपला काढा," ते दाजींना म्हणाले.

"कामून?"

"भुईवर चपला घालून विचारल्यावर ती काय सांगंल?"

भाचा हसला. दाजींनी मात्र वहाणा काढल्या, यंत्र फिरवलं, आणि इतके दिवस ताटली डावीकडे गेली की न चुकता येणारी एक कुरबुर एकदम बंद झाली. कारण साधं होतं. गावच्या कारागिराने बनवलेल्या त्या वहाणांच्या टाचेत लोखंडी चुका ठोकलेल्या होत्या आणि यंत्र दाजींचा डावा पाय हुडकत होतं. हे कारण मी सगळ्यांना समजावून सांगितलं. कोणी ऐकलं नाही. त्या दिवसापासून पाणाड्यांचा भाव वाढला आणि आम्ही सगळेच अनवाणी फिरायला लागलो. फाल्गुनात काळी माती तापून भेगाळलेली असते. यंत्रापेक्षा जास्त आवाज आम्ही करत होतो.

"वालूरला गुप्तधन हुडकायलेत" ही बातमी सेलूपर्यंत कधी गेली ते कळलं नाही. गावातली चक्राकार बारव बघायला बाहेरगावची माणसं येतात. त्यातले एकजण वाट वाकडी करून आमच्या रानात आले आणि त्यांनी आदराने विचारलं, "आपण पुरातत्त्व खात्याचे का?" दाजी खुंटीवरून नजर न काढता म्हणाले, "सध्या पाया चालू हाय." गावातल्या पोरांनी यंत्र बारवेकडे न्यायचा आग्रह केला, तो मात्र आम्ही ठाम नाकारला. जुन्या वास्तूत असले उद्योग कायद्याने चालत नाहीत, आणि तिथे चढउतार करत दाजींनी जमीन जुळवायला घेतली असती तर ते अजून आतच असते.

मग पोलीस पाटील आले.

"काय हुडकायलाव?"

"काकूचं डोरलं."

"सगळे असंच सांगतेत." त्यांनी पिशवी उघडून बघितली. पिशवीत लिंबू निघालं. पाटलांच्या भुवया वर गेल्या. 2013 चा अघोरी प्रथांविरुद्धचा कायदा त्यांना मुखपाठ आहे, आणि गुप्तधन म्हटलं की त्यांची नजर आधी लिंबावर जाते.

"लिंबू कशाला?"

"सरबताला. ऊन लई हाय."

"मग साखर कुठंय?"

साखर घरी राहिली होती. ती आणून, सरबत करून, पाटलांना दोन पेले पाजेपर्यंत त्यांचा पुरता विश्वास बसला नाही. दुसऱ्या पेल्यानंतर त्यांनी कायदा समजावला. 1878 सालचा इंग्रजांचा कायदा आहे, अजून चालू आहे. जमिनीत पुरलेलं काही सापडलं आणि त्याची किंमत दहा रुपयांच्या वर असली, तर कलेक्टरला कळवायचं. दहा रुपये! तेव्हा दहा रुपयांत काय काय येत असेल, आज कटिंग चहा येतो. काकांनी लगेच आत्तापर्यंत निघालेल्या मालाचा ढीग पुढे केला. बैलांच्या पायाच्या झिजलेल्या पत्र्या, त्यांचे खिळे, नांगराचा एक मोडका फाळ, ट्रॅक्टरचा बोल्ट, सीलं, आणि एक तांब्याचा जुना पैसा, निजामाच्या अमदानीतला, उर्दू अक्षरांचा. 17 सप्टेंबर 1948 च्या आधीचा परभणीकर कोणीतरी तो खिशातून पाडून गेला असणार, आणि त्याने नक्कीच यंत्र न लावता बरेच दिवस शोधलाही असणार.

पाटलांनी पैसा उन्हात धरला. "ह्येची किंमत दहाच्या आत का भाईर?"

कोणालाच सांगता येईना. भाच्याने मोबाईलवर बघितलं तर कुठे वीस, कुठे वीस हजार. शेवटी पाटील तो कागदात गुंडाळून वर दाखवायला घेऊन गेले. मोडक्या फाळाचं काय करायचं, हे काकांनी दोनदा विचारलं. भंगारात त्याचे दहाच्या वर नक्की आले असते आणि काका कायद्याला भिणारे आहेत.

या यंत्राच्या जन्मकथा वाचल्या तेव्हा मला जरा धीर आला. आपल्याकडे "जगात जर्मनी, भारतात परभणी" म्हणतात ते उगीच नाही. 1937 साली धातूशोधकाचं पेटंट मिळवणारा गेरहार्ट फिशर जर्मनीतूनच अमेरिकेत गेलेला होता. तो विमानांना रेडिओवरून दिशा दाखवणारं यंत्र बनवत होता आणि जमिनीत धातू आला की दिशा चुकायची. त्या वैतागातून त्याने यंत्र उलटं फिरवलं: दिशा चुकते ना, मग जिथे चुकते तिथेच धातू. हे वाचून दाजी म्हणाले, "बघा, त्यानं बी खुंटी पिळूनच केलं असंल."

त्याच्याही आधी, 1881 साली, अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष गारफील्ड यांना गोळी लागली आणि ती शरीरात कुठे अडकली ते कळेना. टेलिफोनवाले अलेक्झांडर ग्राहम बेल आपलं धातू हुडकायचं यंत्र घेऊन गेले. यंत्र भलतीकडेच वाजलं, आणि त्याचा दोष पुढे गादीखालच्या पोलादी तारांवर गेला. त्यात मोठे डॉक्टर ठाम होते की गोळी उजव्या अंगालाच आहे, त्यामुळे बेलना शोधही तिकडेच घ्यावा लागला. राष्ट्राध्यक्ष वारले. गोळी डाव्या बाजूला निघाली.

हा प्रसंग वाचत असताना मी थबकलो. कारण डोरलं कुठे पडलं, हे आम्हाला सांगत होती काकू. आणि पहिल्या दिवशी काकू म्हणाली होती, "उगवतीच्या अंगाला." नंतर म्हणाली, "नाही, विहिरीकडच्या सऱ्या." त्याच्याही नंतर, "बांधाकडं असंल बहुतेक, मी तिथं पाणी प्यायला बसले होते." जिथे आम्ही हुडकून संपवत आणायचो, तिथून तिची आठवण दुसरीकडे सरकायची. दाजी आणि भाचा जमीन जुळवण्यात इतके गुंतलेले की हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही. मी एकदा घरी काही निमित्ताने लवकर आलो, तर काकू आणि माझी बायको मोबाईलवर डोरल्यांचे नमुने बघत होत्या. मला पाहून काकूने मोबाईल पालथा घातला आणि विचारलं, "सापडलं का बाई?" इतक्या काळजीने, की मी उत्तर न देता पाणी पिऊन परत रानात गेलो.

भाच्याने एक प्रयोग म्हणून यंत्र घरच्या अंगणातही लावून बघितलं. रानात नीट जुळवलेलं यंत्र इथे पुन्हा बोंबलायला लागलं. गावठाणातली माती वेगळीच. शेकडो वर्षांची राख, भाजलेल्या विटा, चुलीतला कोळसा, आणि भाजलेली माती जास्त चुंबकी होते. काळीचा हिशोब पांढरीला चालत नाही. दाजींनी तिथेही उठबस सुरू केली, तेव्हा काकूच्या सुनेने सडा शिंपून सगळं ओलं करून टाकलं.

अक्षय तृतीया जवळ आली तसे काका हळूहळू नरमले. मी त्यांना दायमाबादची गोष्ट सांगितली. श्रीरामपूर तालुक्यातलं गाव. 1974 साली एका माणसाला झाडाची मुळी खणताना कांस्याचा रथ, गेंडा, हत्ती आणि रेडा सापडले, मिळून साठ किलोच्या वर, हजारो वर्षांपूर्वीचे. यंत्र नाही, खुंटी नाही, बटण नाही. काकांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्याची बायको काय म्हनली?" ते मला माहीत नव्हतं. काकांनी मान हलवली आणि अक्षय तृतीयेला काकूला घेऊन परभणीला गेले. नवं डोरलं जुन्याच्या दीडपट निघालं. काकू परत आली आणि तिने रानातलं हुडकणं थांबवायचा हुकूम काढला. "किती दिवस त्या पोराला उन्हात फिरवायचं?" ती म्हणाली. पोरगा म्हणजे दाजी. ते त्या वेळी विहिरीकडच्या सऱ्यांत होते आणि त्यांचं नुकतंच जुळलं होतं.

बेकार झालेल्या यंत्राला काम मिळालं ते शेजारच्या एका गावात. तिथे गल्लीत सिमेंटचा रस्ता झाला आणि नळाच्या पाइपलाइनचा व्हॉल्व्ह त्याखाली गाडला गेला. निम्म्या गावाला पाणी बंद. लोखंडी व्हॉल्व्ह, चांगला डोक्याएवढा, फार खोलही नाही. दाजी आणि भाचा दोघंही गेले, मी छत्री घेऊन मागे. सिमेंटातली खडीही याच काळ्या पत्थराची, त्यामुळे यंत्राने पाय ठेवल्याबरोबर सलामी दिली. दाजी म्हणाले, खुंटी. भाचा म्हणाला, बटण. गावकऱ्यांचेही लगेच दोन तट पडले. तिथले सरपंच दोघांना आळीपाळीने "हं, चालू द्या" म्हणत होते. जुनं पत्र्याचं गटार, गाडलेल्या तारा, कोणाच्या तरी दारातला लोखंडी अडसर, सगळं वाजलं. टिकावाने रस्ता तीन ठिकाणी फोडून झाला.

पाणी सोडणारे म्हातारे बाबा सकाळपासून समोरच्या ओट्यावर तंबाखू मळत बसले होते. ऊन डोक्यावर आल्यावर ते उठले, गल्लीत आले आणि हातातल्या काठीने एका जागी दोनदा ठोकलं.

"हितं हाय."

फोडलं. व्हॉल्व्ह होता.

"अहो बाबा," भाचा ओरडला, "मग सकाळीच का नाही सांगितलं?"

"मला इचारलं व्हय कुणी? मला वाटलं, तुमी दुसरंच कायतरी हुडकायलाव."